पुढच्या दातांची मोजणी

त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. नाव कोणी ठेवलं ते त्यालाही आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते त्याच्याकडे दोन मिनिटं बघितलं तरी कळायचं. जेवतानाही तो एका जागी टिकत नसे. घास तोंडात आणि पाय दाराकडे. पण एकदा का एखाद्या जीपचा मागचा आस उघडला की मात्र तो तासन् तास हलायचा नाही. क्राउन आणि पिनियन हे दोन दातेरी गिअर, बस्स, एवढाच त्याचा धंदा. बाकीचे मेकॅनिक थट्टेत म्हणायचे, ‘हा गाड्यांचा दंतवैद्य.’

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या जीपला मोठे टायर घातले आणि पस्तावल्या. डोंगरावरच्या वस्त्यांवर जायला खालून उंची हवी होती, ती मिळाली. पण गाडी मेल्यासारखी चालायला लागली. चढावर क्लच जळल्याचा वास यायचा.

‘‘चाक मोठं झालं, म्हणजे एका फेरीत जास्त रस्ता कापायचा. तो जोर आणायचा कुठून?’’ भिंगरीने विचारलं. ‘‘आत्ता पिनियन पावणेचार वेळा फिरतं, तेव्हा चाक एकदा फिरतं. एकोणतीस इंची टायरला ते बरोबर होतं. तेहतीस इंचीला नाही.’’

‘‘मग किती हवं?’’

‘‘हिशेबाने सव्वाचार. तेवढं नेमकं मिळत नाही. एक चार-दहाचं येतं, म्हणजे चारच्या जरा वर, आणि एक चार-छप्पनचं, म्हणजे साडेचारच्या जरा वर.’’

‘‘जवळचं कुठलं?’’

‘‘चार-दहा. सपाट रस्त्यावर इंजिन ओरडणार नाही, डिझेलही कमी पिईल.’’ एवढं बोलून तो उठला, गाडीभोवती फिरला, परत आला. ‘‘मागे काय काय भरता?’’

लशींच्या बर्फाच्या पेट्या, पाण्याचे कॅन, दोर, आणि कधी कधी आजारी वासरूसुद्धा.

दोन दिवस त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटी तो बाईंबरोबर एकदा डोंगरापर्यंत जाऊन आला. नदीच्या कोरड्या पात्रानंतरचा खडीचा चढ त्याने पायी चढून बघितला आणि खाली येऊन म्हणाला, ‘‘चार-छप्पन. सपाटीवर थोडं हळू जा. इथे अडकलात तर मात्र कोणी येणार नाही.’’

मागच्या आणि पुढच्या, दोन्ही आसांना सारखंच माप लागतं. दोन्ही डबे एकाच दुकानातून आले, दोन्हींवर एकच चिठ्ठी. मागचा जोड बसवण्याआधी त्याने दात मोजले, एक्केचाळीस आणि नऊ, म्हणजे भागाकार चार-छप्पन, आणि नेहमीप्रमाणे खडूने भिंतीवर लिहिले. पुढचा बसवताना बाई बाजूलाच उभ्या होत्या. सकाळी लशी घेऊन निघायचं होतं, चाळीस गुरं ठरलेली होती. त्याने सगळं नीट बसवलं, तेल भरलं, फक्त मागच्या चाकांवर एक चक्कर मारून बघितली आणि गाडी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू मारताना त्याची नजर भिंतीवर गेली. मागचे आकडे होते. पुढच्यांची जागा कोरी होती.

‘‘अगं, मी पुढचे दात मोजले का?’’

बायको चहा गाळत होती. ‘‘मला काय विचारता?’’

‘‘मोजले असते तर लिहिले असते.’’

‘‘डब्यावर लिहिलेलं असतंच की.’’

‘‘डब्यावर काहीही असेल.’’ तो दाराबाहेर गेला, आत आला, परत बाहेर गेला. बाईंचा फोन लागेना; डोंगराजवळ रेंज नव्हती. पुढचा आस वेगळ्या मापाचा असेल आणि चढावर चारही चाकं जोडली, तर पुढची आणि मागची एकमेकांशी भांडणार. काहीतरी तुटणार, आणि तेही चढावर.

‘‘बसा गाडीवर,’’ बायको पदर खोचत म्हणाली. ‘‘हत्यारं मी मांडीवर धरते. इथे येरझाऱ्या घालून माझं डोकं उठवू नका.’’

तासाभराने त्यांना जीप दिसली. ती नदीच्या पात्रात उभी होती आणि बाई बॉनेटला टेकून होत्या.

‘‘चारही चाकं जोडली तशी गचके द्यायला लागली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘स्टीअरिंगही जड झालं. म्हणून थांबले आणि परत सोडवली. तुम्ही कसे आलात?’’

भिंगरी हत्यारं घेऊन सरळ जीपपाशी गेला. त्याने पुढचं एक चाक जॅकवर उचललं, पुढच्या आसाला फिरवणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि बायकोला म्हणाला, ‘‘मी चाक दोनदा फिरवतो. रेघ किती वेळा वर येते ते मोज.’’ दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे दोन फेऱ्यांची एकच धरायची; रेघ साडेचारपेक्षा जास्त वेळा वर यायला हवी होती.

‘‘चार,’’ ती म्हणाली. ‘‘आणि वर अगदी जराशी.’’

पुन्हा फिरवलं. पुन्हा चार आणि जराशी. म्हणजे डब्यात चार-दहाचा जोड आला होता. तो वाळूतच बसला. 

‘‘बाई, चूक दुकानाची नाही, माझी. मी मोजले नाहीत.’’

बाईंनी बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून आत बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘वर माणसं गुरं बांधून बसलीत. बर्फ दुपारपर्यंत टिकेल. परत जायचं की काय करायचं ते सांगा.’’

तो उठला, चढाकडे बघितलं. ‘‘मागचा आस बरोबर आहे. चार-छप्पन आहे, म्हणून नुसत्या मागच्या चाकांवरही पहिल्या गिअरमध्ये जोर पुरेल. फक्त चाकं घसरायला नकोत, मागे वजन हवं.’’

तिघांनी पात्रातले गोटे जीपच्या मागच्या भागात भरले. वर ते नवरा-बायको बसले. चढाच्या मध्यावर एक चाक जागेवरच फिरलं, खडी मागे उडाली. बायकोने त्याचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. बाईंनी घाई केली नाही, पाय स्थिर ठेवला. गाडी कण्हत, रेटत वर निघाली.

वर पोचल्यावर त्याला कोणी बसू दिलं नाही आणि त्यालाही बसवलं नसतं. दुपारपर्यंत तो गायींची शिंगं धरत होता. एकीने त्याच्या पायावर पाय दिला. शेवटची पेटी रिकामी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘उरलेलं काम कधी करताय?’’

‘‘जोड येईल त्या दिवशी.’’

आठवड्याने बरोबर मापाचा जोड आला आणि त्याने तो मोजून बसवला. पुढे महिनाभर बाईंचा काही पत्ता नव्हता. भिंगरी समजला, आता त्या दुसरा मेकॅनिक बघणार. मग एका दुपारी त्या आल्या. मागे आणखी एक जीप होती, तिलाही मोठे टायर.

‘‘ही माझ्या बहिणीची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हिला कुठलं लागेल ते तुम्ही ठरवा.’’

‘‘कुठे चालवतात?’’ त्याने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत तो गाडीखाली शिरला होता.