अंगठाबहाद्दर

सुरय्याबीचा शिपाई दिवसातून पंधरा-वीस वेळा मरतो. कधी पहिल्याच दालनात हाडांच्या सापळ्यांकडून, कधी चौथ्या दालनात त्या गदावाल्या राक्षसाकडून. मेला की मोबाईलचा पडदा लाल होतो आणि शिपाई पुन्हा पहिल्या दरवाजात उभा! आगीची तलवार गेली, चिलखत गेलं, सगळी मेहनत पाण्यात. उरतात फक्त जमवलेले लाल खडे. ते साठत गेले की शिपायाच्या अंगात थोडी ताकद कायमची येते आणि पुढच्या खेपेला गडी एखादं दालन जास्त टिकतो. गेम फुकटचा आहे. फुकटचा म्हणजे कसा, तर मेल्यावर तीस सेकंदांची जाहिरात बघितली की एकदा जागच्या जागी जिवंत करतो. इतक्या स्वस्तात जीव परत मिळायची सोय दुसरीकडं कुठं आहे, तुम्हीच सांगा.

आता साठी ओलांडलेल्या बाईनं असली कापाकापी खेळावी का, असं तुमच्या मनात आलंच असेल. संगमनेरात तिच्या गल्लीत सगळ्यांच्याच आलं होतं. पण जरा नीट ऐकून घ्या, मग खुशाल नाकं मुरडा.

अडतीस वर्षं सुरय्याबीनं विड्या वळल्या. ओली पानं कापायची, मांडीवर सूप घ्यायचं, पानात तंबाखू भरायची, अंगठ्यानं वळायची, दोरा बांधायचा, तोंड नखानं दुमडायचं. रोज हजार. कारखान्याचा माणूस पन्नास-साठ खराब म्हणून बाजूला काढायचा, त्या वेगळ्या. इम्रान पोटात होता तेव्हा नववा महिना भरेपर्यंत वळल्या. नवरा लालमहंमद गेला तेव्हा इद्दतीचे चार महिने घराबाहेर पडायचं नव्हतं, पण सूप काही सुटलं नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र खांद्यानं एकदाचा नकार दिला आणि काम बंद झालं.

काम बंद झालं, बोटं कुठं बंद होतात! बसल्या बसल्या ती ओढणीचं टोक वळायची, एसटीचं तिकीट वळायची. एकदा सुनेनं, मेहविशनं, टेबलावर लाइटबिल ठेवलं होतं, ते हिनं मस्त वळून दोरा बांधून ठेवलं.

"अम्मी, हे बिल भरायचंय, ओढायचं नाहीये!" मेहविश कपाळाला हात लावून म्हणाली. ती बालवाडीत शिकवते, तिच्याजवळ तशी सबुरी पुष्कळ आहे.

इम्रान नोकरीला चाकणला असतो. एका रविवारी आला तेव्हा आपला जुना मोबाईल आईला देऊन गेला. गेम त्यात आधीपासूनच होता. तिनं चुकून बोट लावलं आणि शिपाई धावायला लागला. डाव्या अंगठ्यानं पळवायचा, उजव्या अंगठ्यानं वार करायचे. आठ दिवसांत तिचे अंगठे असे चालायला लागले, की इम्राननं फोनवर ऐकून विश्वासच ठेवला नाही. कामाला जुंपलेली बोटं होती ती, त्यांना पुन्हा काम मिळालं होतं, बस्स. थकलेल्या माणसानं आराम करावा म्हणतात लोक. म्हणायला काय जातंय! काही थकवा असा असतो, की स्वस्थ बसलं की जास्त ठणकतो.

पण सुरय्याबीचा खरा जीव अडकला होता तो शिपायात नव्हे, हयातीच्या दाखल्यात. विड्यांच्या कामाची तिला थोडीशी पेन्शन होती. थोडी असली तरी तिच्या स्वतःच्या नावावरची. त्यातून तिच्या गोळ्या यायच्या, जुम्म्याला दारात आलेल्याच्या हातावर काही ठेवता यायचं आणि सुनेपुढं हात पसरावा लागत नव्हता. त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे मशीनवर अंगठा ठेवून सांगायचं. मागच्या वर्षी करंगळीशेजारच्या बोटानं कसंबसं सांगता आलं होतं. यंदा दोन दिवस हेलपाटे झाले, एकही बोट उमटेना. आज तिसरा दिवस, आणि मुदतीचा शेवटचाही. आज नाही झालं तर पेन्शन बंद, मग पुढं मोठ्या ऑफिसात कुणाकुणाचे पाय धरायचे, अल्ला जाणे.

बसस्टँडच्या मागं रविराजचं सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, अर्ज, सगळं तिथं होतं. रविराज चाळिशीचा, माणूस वाईट नाही, पण दिवसभर "सर्व्हर डाऊन हाय" असं सांगून सांगून त्याचा आवाजच डाऊन झालाय.

"चाची, आणा पुन्हा एकदा." त्यानं ओल्या फडक्यानं तिचा अंगठा पुसला. मग कोरड्या. मग म्हणाला, "केसावर घासा." तिनं घासला. काचेवर ठेवला. मशीन लाल झालं. दुसरं बोट, लाल. तिसरं, लाल. दहाची दहा बोटं झाली.

"रेषाच न्हाईत हो चाची," रविराज तिचा हात उजेडाला धरून म्हणाला. "पार गुळगुळीत. कुठं गेल्या?"

"विड्यात गेल्या," सुरय्याबी म्हणाली. "लोकांनी ओढून टाकल्या."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. तिला काही हसू आलं नाही. पाय दुखत होते आणि सकाळचा चहा कधीच जिरला होता.

"चेहऱ्यानं बघू," रविराज म्हणाला. त्यानं आपला मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. "याच्याकडं बघा आणि पापनी मिटा. जिवंत मानूस पापनी मिटतो, फोटो मिटत न्हाई. म्हनून मिटायची."

सुरय्याबीनं बघितलं. नुसतं बघतच राहिली. अडतीस वर्षं सुपावर नजर आणि आता वर्षभर शिपायावर. पापणी लवली की राक्षसाची गदा डोक्यात. तिच्या डोळ्यांना आता सवयच राहिली नव्हती.

"मिटा चाची, मिटा की!"

तिनं डोळे घट्ट मिटले आणि तसेच मिटून बसली.

"अहो उघडा! आता तर पारच मेल्यागत दिसताय." मोबाईलनंही नकार दिला. वर सर्व्हरही बसला. पडद्यावर गोल चक्कर फिरायला लागलं. रविराजनं खुर्चीत अंग टाकलं. "पाच मिनिटं बसा. दम खाऊ द्या त्याला."

ती बाकावर टेकली. बोटांना काहीतरी काम द्यायला हवं होतं, म्हणून तिनं पिशवीतून मोबाईल काढला आणि शिपायाला आत सोडला. पहिलं दालन, दुसरं, तिसरं. अंगठे सपासप चालू. आज शिपाई चांगला निघाला होता, दोन्ही हातांत तलवारी मिळाल्या होत्या. चौथं दालन आलं, तो गदावाला आला. त्याची गदा वर गेली की ती शिपायाला बाजूला काढायची, खाली आली की तीन वार. कधी नव्हे ते राक्षसाचं अर्धं आयुष्य संपलं.

रविराज उठून तिच्या खांद्यावरून बघायला लागला. "आयला! चाची, हाच अंगठा का तो? मिशीनला उमटंना आणि हितं कापाकापी चाललीय?" तो मोठ्यानं हसला. "तुमी तर खऱ्या अंगठाबहाद्दर निघाला की!"

बिचारा कौतुकानंच म्हणाला. पण शब्द लागायचा तिथंच लागला. अंगठाबहाद्दर कुणाला म्हणतात हे तुम्हाला-मला काय सांगायला हवं? ज्याला चार अक्षरं येत नाहीत, सहीच्या जागी शाई फासतो, त्याला. लग्न होऊन आली तेव्हा सुरय्याबी कारखान्याच्या कार्डावर अंगठाच करायची. लालमहंमद मार्केट यार्डात हमाल, चौथीपर्यंत शिकलेला. त्याला ते खपलं नाही. "माझी बायको अंगठाबहाद्दर राहायची न्हाई," म्हणायचा, आणि रोज कामावरून आला की सुपातल्या तंबाखूवर तिचं बोट धरून तिचं नाव गिरवून घ्यायचा. सहा महिने लागले. तंबाखूनं दोघंही शिंकायचे.

तिचा अंगठा क्षणभर थांबला. तेवढ्यात गदा पडली. पडदा लाल झाला, शिपाई मेला. जाहिरात बघा आणि परत जगा, असं खाली आलं. तिनं काही दाबलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते ओघळू नये म्हणून ती पापण्यांची उघडझाप करत राहिली.

"अहो चाची, मिटताय की!" रविराज ओरडला. "थांबा, अशाच ऱ्हावा, हलू नका!" सर्व्हर उठला होता. त्यानं धावत जाऊन आपला मोबाईल आणला आणि तिच्या चेहऱ्यासमोर धरला. तिला रडू का आलं हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. तिनं मान वर केली, त्याच्या मोबाईलकडं बघितलं आणि आणखी दोनदा पापण्या मिटल्या. हिरवी खूण आली.

"झालं!" रविराजनं टाळी वाजवली. "हयात! बिनघोर ऱ्हावा वर्षभर."

"वर्षभरच?"

"पुढच्या वर्षी परत यावं लागंल चाची. परत पयल्यापासनं."

सुरय्याबीनं मान हलवली. एवढी दमली होती, की आनंदसुद्धा धड होईना. छातीवरचं ओझं उतरलं होतं एवढंच कळत होतं. ती उठायला लागली, तर रविराजनं केंद्राचं रजिस्टर पुढं सरकवलं. दाखला मिळाला म्हणून त्यात लिहून द्यावं लागतं. हाताच्या सवयीनं त्यानं शाईचं पॅड उघडलं आणि तिचा अंगठा धरायला हात पुढं केला.

"हितं अंगठा करा."

तिनं हात मागं घेतला. "पेन दे."

"आँ? सही येती तुमाला?"

"तीन दिवस झाले, माझी सगळी बोटं धरून बघितली तू. एकदा तरी इचारलं का?"

रविराज ओशाळला. "मिशीनला सही चालत न्हाई ना चाची."

"मिशीनला न्हाई चालत. तुला चालंल ना?"

त्यानं पॅड मिटलं, पेनचं टोपण काढलं आणि पेन तिच्या हातात दिलं. सुरय्याबी रजिस्टरवर वाकली. आखडलेली बोटं पेनाभोवती बसेनात, मग तिनं विडीसारखं धरलं. एकेक अक्षर करत तिनं लिहिलं, सुरय्या लालमहंमद शेख. मागं रांग चुळबुळत होती. रविराज रजिस्टर ओढायला लागला तसं तिनं त्याला थांबवलं. लालमहंमदमधला अनुस्वार राहिला होता. तो तिनं मागं जाऊन दिला.