लेपाखालची गाठ

"ये चुना किसने पोता? दीवार है क्या तू?"

डॉक्टर हे माझ्या मायला बोलला. पडदा अर्धा उघडाच होता. माय कमरेपर्यंत उघडी, दोन्ही हात छातीवर आडवे. मी पडद्याबाहेर तिचं ब्लाऊज आणि पिशवी धरून उभी. दहावीत होते तेव्हा. गोंदिया जिल्ह्यात, सौंदडजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या मैदानावर, मॅमोग्राफीची गाडी आली होती. स्तन दोन प्लेटांत दाबून फोटो काढणार, छातीतली गाठ फुकट तपासून देणार म्हणून दवंडी झाली होती. रांगेत पुढं मोठ्या घरच्या बाया. आमच्या वस्तीतल्या मागं, उन्हात.

मायच्या डाव्या बाजूला, अगदी बरगडीला लागून, गाठ होती. आमच्याकडं कुठं सूज आली की चुना-हळद कालवून लावतात. पाय मुरगळला, चुना-हळद. गाल सुजला, चुना-हळद. मायनं तेच केलं. शिबिराच्या दिवशी तर जरा जास्तच लावलं, डॉक्टरला जागा बरोबर दिसावी म्हणून. चुना फोटोत पांढरा उमटतो आणि रोगाच्या खुणांसारखाच दिसतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरनं तिचे हात बाजूला केले. हातानं नाही, पेनानं. मग रांगेकडं बघून म्हणाला, "और प्लेट में पकड़ूँ क्या? पकड़ने लायक कुछ है भी?"

मोठ्या घरच्या बायांनी तोंडाला पदर लावला. पदराआडून हसल्या. मायही हसली. ते हसू मी विसरलेली नाही, विसरणारही नाही.

"घर जा. धो के अगले साल आना."

नळ त्याच मैदानात होता. पोरं त्यावर पाणी पीत होती. एक तांब्या पाणी आणि एक फडकं, एवढंच लागत होतं. पण एवढं सांगायलाही समोरचा माणूस माणूस वाटावा लागतो. हा डॉक्टर कोणी परका नव्हता. माय जिथं दरवर्षी धानाची रोवणी करायची, त्या बांध्या, ती भातखाचरं, त्याच्याच घरची. तिनं वाकून लावलेला भात खाऊन तो डॉक्टर झाला होता.

परत येताना मी विचारलं, "हासलीस काऊन व माय?"

"मंग का करू? त्याहीच्या पुढं रडू?" थोडं चालून म्हणाली, "मीच चुकलो वं. लेप लावाले नाही पायजे होता."

पुढच्या वर्षी गाडी आली नाही. माय त्या पावसाळ्यातही रोवणीला गेली. गुडघाभर चिखलात, वाकून, दिवसभर. दिवाळीनंतर गाठीनं कातडी फोडली. नागपूरच्या दवाखान्यात विचारलं, आधी का नाही आणलं? उत्तर होतं माझ्याजवळ. पण ते उत्तर नागपूरला द्यायचं नव्हतं, गोंदियाला, त्या डॉक्टरला द्यायचं होतं.

माय गेली. मी भौतिकशास्त्र शिकले. लोक म्हणतात, आईच्या आठवणीत शिकली. खोटं आहे. रागानं शिकले. वसतिगृहात पुस्तक उघडलं की आधी तो पेन दिसायचा.

आज मी ज्या प्रयोगशाळेत आहे, तिथं आम्ही एक यंत्र तयार केलंय. फक्त स्तनांसाठीचा गॅमा कॅमेरा. मॅमोग्राफी सावली बघते. आमचं यंत्र भूक बघतं. हातात सुई देऊन थोडं किरणोत्सर्गी औषध रक्तात सोडायचं. वाढायची घाई झालेली पेशी ते औषध जास्त ओढून घेते आणि कॅमेऱ्यात उजळ दिसते. वर चुना असो, हळद असो, कॅमेऱ्याला काही फरक पडत नाही. मी याच कामात काऊन शिरले, ते वेगळं सांगायला नको.

यंत्राची ठेवण माझी आहे. बाईनं पुढं वाकायचं, दांडीवर हात टेकायचे. वाकलं की स्तन बरगडीपासून सुटतो आणि खोलवरचा भागही कॅमेऱ्याच्या टप्प्यात येतो. लहान असो, सुकलेला असो, काही पकडावं लागत नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "इतका वेळ कोणती बाई वाकून स्थिर राहील?" मी म्हटलं, "आमच्याकडं दिवसभर राहतात."

यंत्र खऱ्या बायांवर तपासायची वेळ आली. मी गोंदिया जिल्हा मागितला. अशा औषधासाठी जाड भिंतींची, परवानगी असलेली खोली लागते. कळलं की तशी खोली एकाच्याच स्कॅन सेंटरमध्ये आहे. नाव वाचलं. तोच.

मी गेले. मुद्दामच गेले. बाहेर त्याच्या फोटोचं बॅनर लागलेलं, आत बसवलेल्या आमच्या यंत्राचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला, मॅडम म्हणाला. ओळखलं नाही. कशाला ओळखेल? पडद्याबाहेरच्या पोरीकडं त्यानं पाहिलंच कुठं होतं.

चहा संपवून म्हणाला, "मैडम, एक सलाह दूँ? मजदूर औरतों को अभी मत लो. पता नहीं क्या-क्या पोत के आती हैं. नतीजे बिगड़ेंगे. पहले अच्छे घर की लेते हैं."

चाचणीसाठी आणलेला प्लास्टिकचा नकली स्तन काढला. आत पाणी, त्यात औषधाची एक बारीक बंद कुपी. पानवाल्याकडून चुना आणवला, हळद आणवली. कालवून वरून लेपलं, मायनं लावलं होतं तसंच. कॅमेऱ्याखाली धरलं. पडद्यावर ठिपका उजळला, लेपाचा मागमूस नाही.

"वो तो प्लास्टिक है," तो म्हणाला. "औरत थोड़ी है."

"बाई आली होती," मी म्हटलं. "शाळेच्या मैदानात. चुना लावून. दीवार है क्या, म्हणाला होतात तुम्ही तिला."

तो आठवायला लागला. खरंच आठवत नव्हतं त्याला. अशा किती जणींना तो काय काय बोलला असेल, त्यातली एक कशी आठवणार. माझं डोकं तिथं फिरलं. पाठ करून ठेवलेली शुद्ध भाषा सुटली.

"थे माही माय होती. तुह्या बांध्यात राबून मेली. पयली बाई आमच्या वस्तीची बसन, नाही त मशीन तुह्या घरात उघडणार नाही."

तो हसला. म्हणाला, प्रमुखांशी बोलतो. बोललाही. लगेच माझा फोन वाजला. प्रमुख म्हणाले, "भावनेच्या भरात काम बुडवू नकोस. तो म्हणतो तशी सुरुवात कर, त्या बाया नंतर घेऊ." हे 'नंतर' मी ओळखते. 'पुढच्या वर्षी धुऊन ये' म्हणतात, ते हेच.

मी नाही म्हटलं. कॅमेऱ्याचं डोकं सोडवलं, पेटीत भरलं, पेटी गाडीत ठेवली. ते माझ्या जबाबदारीवर दिलेलं आहे आणि ते मी प्रयोगशाळेतच परत नेते आहे. त्याच्याकडं नुसता सांगाडा राहिला. उद्या पाहुणे येतील, त्या सांगाड्याला हार घालतील. घालू देत.

प्रमुख राजीनामा मागतील, मागू देत. देणार नाही. काढायचं असेल तर काढा, आणि का काढलं ते चारचौघांत सांगा. मी सरकारी दवाखान्यात खोली मागणार आहे, मिळेपर्यंत मागणार आहे. वेळ जाईल. तोवर कुणाच्या तरी बरगडीजवळ काहीतरी वाढत असेल, हे मला माहीत आहे. त्यानं झोप लागणार नाही. पण मोठ्या घरच्यांसाठी उघडलेलं दार आमच्यासाठी नंतर उघडतं, असं मी एकदाही पाहिलेलं नाही.

कोणी म्हणेल हा सूड आहे. आहेच.

पहिली बाई आमच्या वस्तीची असेल. चुना-हळद लावून आली तरी आत घेईन, पडदा नीट ओढून घेईन. आणि तिच्या बरगडीजवळ काही उजळलं, तर आधी तिला नागपूरला पोचवीन. मग तिचं नाव झाकून ते चित्र याच डॉक्टरच्या टेबलावर ठेवीन. त्याला वाकून बघायला लावीन. तो ठिपका दिसला असं त्याच्या तोंडून येईपर्यंत त्याला सरळ होऊ देणार नाही.