हातावर बसा

त्या बुधवारी सुनंदाताईंना उशीर होत होता, पण त्यात नवल काही नव्हतं. भंडाऱ्याहून अड्याळला स्कूटीवर यायचं आणि वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की गाडी बाजूला लावून बोलत बसायचं, ही त्यांची जुनीच खोड. विहाराच्या मागच्या खोलीत चटया टाकून आम्ही बसलो होतो, आपापली मुलं घेऊन. रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. कोणी भाताच्या बांधीतून तसंच उठून आलेलं, पायावरचा चिखलही वाळलेला नाही. माझी सान्वी दाराकडे तोंड करून बसली होती. ताई आल्या की आधी त्यांचा डफ दारातून आत यायचा आणि मग ताई, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात माझा नवरा, धनराज, दाराशी आला. त्याचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र आहे, गावातली कुठलीही बातमी आधी तिथे पोचते. तो आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "संगीता, पोराईले घरी घेऊन चाला. ताई आता नाही येत." गावाच्या अलीकडच्या वळणावर रेतीच्या टिप्परनं त्यांना उडवलं होतं. पावसाळ्यात रेतीची वाहतूक बंद असते म्हणतात. कागदावर असते.

सान्वीला उठवायला गेले तर ती उठेना. तिच्या हिशेबानं अजून काहीच झालेलं नव्हतं. डफ यायचा होता...

सान्वी माझी एकुलती मुलगी, आता सहा वर्षांची. तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना, तासन्‌तास मागेपुढे झुलत राहायची. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं, मराठीत स्वमग्नता म्हणतात तेही सांगितलं. शब्द चांगला आहे, पण घरी आल्यावर त्या शब्दाचं करायचं काय ते कोणी सांगितलं नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, त्यांनी आपल्या परीनं उपाय काढला. सान्वीला कोणी काही विचारलं की उत्तर त्या द्यायच्या. नाव काय गं तुझं? "सान्वी." जेवलीस का? "जेवली, जेवली." पोरीचं तोंड उघडायच्या आत आईंचं उघडलेलं असायचं. त्यात प्रेमच होतं, लाजही थोडी होती. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे कोणालाच शांत बसवत नाही. दोन माणसांच्या मध्ये क्षणभर कोणी बोललं नाही तर तिसरा घाईघाईनं पाऊसपाण्याचं काढतो.

सुनंदाताईंचं नाव मला पवनीला, मी नोकरी करते त्या ऑफिसात कळलं. भंडाऱ्यात एक बाई आहेत, अशा मुलांसोबत गाण्याबजावण्यातून काम करतात. मी रीतसर शंका घेतली. पोरगी बोलत नाही आणि तिला गाणं शिकवायचं? तरी गेले. ताई तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, बसक्या बांध्याच्या, आवाज भरड. गाणारी बाई अशी नसते, असं मला वाटून गेलं. पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना हे सांगितलंही, तर म्हणाल्या, गाणारी आहे कोण? शिक्षण त्यांनी पुण्याला जाऊन घेतलं होतं, पण वाजवण्याचा हात सानगडीचा, घरच्या भजनातला. वडील ढिवर, सानगडीच्या तलावावर मासे धरणारे. गळ टाकून बसायचं तर हात हलवायचा नाही, हे त्यांना लहानपणीच बापानं दटावून शिकवलं होतं. आता हे सगळं जुळवून सांगायला बरं वाटतं. त्या स्वतः वडिलांचा विषय निघाला की फक्त वाळलेल्या माशांच्या चटणीबद्दल बोलायच्या आणि दर खेपेला मला पुडी बांधून आणण्याचं कबूल करून विसरायच्या.

पहिल्या दिवशी त्या सान्वीशी एक शब्दही बोलल्या नाहीत. तिच्याकडे पाहिलंही नाही. जमिनीवर जरा तिरक्या बसल्या आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर डफ शेकायला घेतला. चामड्याचा डफ दमट हवेत बसतो, शेकला की तणावतो, हे आमच्याकडे कोणालाही माहीत असतं. त्या गरम चामड्याचा वास खोलीभर झाला तशी सान्वी, झुलता झुलता, किंचित तिकडे वळली. मग ताईंनी वाजवायला घेतलं ते सान्वीच्या झुलण्याच्याच लयीत. ती सावकाश झुलली की ठोका सावकाश, ती घाईत आली की ठोका घाईत. आजवर सगळ्यांनी तिला ते झुलणं थांबव म्हणून सांगितलं होतं, मीही. आणि ही बाई त्याला साथ देत होती. बऱ्याच वेळानं ताई मध्येच थांबल्या. हात डफाच्या वर, हवेत. सान्वीही थांबली. तिनं मान वर करून त्या हाताकडे पाहिलं, मग ताईंकडे. मला रडू आवरेना. ताई माझ्यावर डाफरल्याच. "रडून काहून राहिली? हे औषध नाही अन् चमत्कार बी नाही. तिनं ऐकलं, एवढंच झालं."

त्यांचा स्वभाव असाच होता. वर्तमानपत्रात कोणी त्यांच्याबद्दल गोड गोड लिहिलेलं त्यांना खपायचं नाही, तेव्हा हे लिहितानाही मला त्यांचा धाक वाटतोय. आईबापांना त्या मुलांहून जास्त रागवायच्या. अड्याळला आमच्या आग्रहानं बुधवारचा वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम घातला. वर्गात मोठ्या माणसांनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. कारण साधं होतं. ताईंचं एक गाणं होतं, त्यांनीच जुळवलेलं, त्याला गाणं म्हणणंही जास्तच. "कोण आलं, कोण आलं, दारामधी कोण आलं..." एवढं म्हणून तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. चौथा ठोका मुलानं द्यायचा. ती जागा मुलाची. पण ताई थांबल्या की आम्हा मोठ्यांना दम धरवायचा नाही. कोणी पोराचा हात धरून डफावर आपटायचं, कोणी कोपरानं ढोसायचं, आणि आई तर सरळ स्वतःच ठोका देऊन मोकळ्या व्हायच्या. "मावशी, हातावर बसा जी," ताई म्हणायच्या. दर बुधवारी म्हणायच्या. आई हातावर बसायच्या आणि मग त्यांचे ओठ हलायला लागायचे.

सान्वीनं चौथा ठोका दिला तो कित्येक महिन्यांनी. आणि आवाज त्याच्याही नंतर, मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. आधी ती ऐकलेलंच परत म्हणायची, "कोण आलं." ताई मान हलवायच्या नाहीत, चूक म्हणायच्या नाहीत, पुन्हा तीन ठोके आणि हात हवेत. एका बुधवारी त्या हाताकडे बघत सान्वी म्हणाली, "मी." अगदी बारीक, घोगरं. खोलीत कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळ्यांचे हात मांडीखाली होते. ताईंनी फक्त चौथा ठोका तिच्यासोबत दिला आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. बाहेर पडताना मात्र त्यांनी चपला उलट्या घातल्या होत्या.

एक शब्द तर आहे, असं कोणी म्हणेल. पण त्या उन्हाळ्यात त्या एका शब्दावर माझी मुलगी घराच्या फाटकाबाहेर पडली. गल्लीत पोरी जमिनीवर चौकटी आखून बिल्लस खेळत होत्या, एकीनं ओरडून विचारलं, आता कोणाची पारी? आणि फाटकाला धरून उभी असलेली सान्वी म्हणाली, "मी." पोरींनी तिच्याकडे बघितलं, आपसात बघितलं आणि तिला ठिकरी दिली. तिला खेळता आलं नाही, ती नुसतीच उड्या मारत पलीकडे गेली. पण पारी, तिची पाळी, तिला मिळाली होती. मी ओट्यावर उभी राहून सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशीही ती गेली, तिसऱ्याही. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, "चांगलं आहे. पण संगीता, काही पोरं आलेला शब्द मागं बी टाकतात. तयारी ठेव." मला राग आला. इतक्या आनंदाच्या वेळी असं कशाला बोलायचं, असं वाटलं.

त्या गेल्यानंतरच्या आठवड्यात, तेरवी सानगडीला होण्याआधी, आम्ही पालकांनी विहारात शोकसभा ठेवली. वर्ग जिथे चालायचा तिथेच व्हावी, असं सगळ्यांना वाटलं. ताई हिंदू घरातल्या, आम्ही बौद्ध, पण कोणाच्या मनात दुसरा विचार आला नाही. मोठा हॉल भरला होता. फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, मग भाषणं. देवमाणूस, सेवाव्रती, पोकळी भरून न निघणारी... मी खाली मान घालून ऐकत होते. ताई असत्या तर उठून बाहेर बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसल्या असत्या. त्यांचा भाऊ आला होता, सोबत डफ घेऊन. स्कूटीचा चुराडा झाला, पण मागे बांधलेल्या डफाचं नुसतं कडं चेपलं होतं. शेवटी एका मुलाचे वडील उठले, डोळे पुसत म्हणाले, आपण ताईंचं गाणं म्हणू, हीच त्यांना आदरांजली. भला माणूस आहे तो. त्यानं भावाच्या हातून डफ घेतला.

डफ शेकलेला नव्हता, आवाज बोदा होता. तरी पहिल्या ठोक्याला माझ्या मांडीवरची सान्वी ताठ झाली. त्या बुधवारपासून तिनं कशाकडेच लक्ष दिलं नव्हतं. "कोण आलं, कोण आलं, दारामधी कोण आलं..." एक ठोका, दोन, तीन. त्याचा हात वर थांबला. मी सान्वीच्या तोंडाकडे पाहत होते. तिचे ओठ मिटले आणि उघडू लागले. तो शब्द येत होता, मला तो दिसत होता. आणि मला कळलं, आता काय होणार आहे. माझा हात वर गेला, पण तोवर सगळा हॉल, बायका, पुरुष, म्हातारी माणसं, प्रेमानं, एका सुरात गरजली, "मी!"

सान्वीनं कान झाकले. मग मनगट दातात धरलं, रक्त येईस्तोवर. आम्ही तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा आत लोक दुसऱ्यांदा तेच म्हणत होते.

दोष कोणाला द्यायचा? टिप्परवाल्याला शिव्या देता येतात, मी रोज देते. पण या लोकांना काय म्हणणार? ताईंनी आयुष्यभर जी एक जागा रिकामी ठेवायला शिकवलं, ती आम्ही त्यांच्याच फोटोसमोर भरून टाकली, आणि तीही रडत रडत. घरी जाताना आई रस्त्यात मध्येच थांबल्या. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा होता, हे मलाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, "मीच जोरानं म्हनलं ना व. तिच्या तोंडातला घास आपनच खाल्ला." मग घरापर्यंत आईंना गप्प मी प्रथमच पाहिलं.

त्यालाही आता काही आठवडे झाले. सान्वीनं तो शब्द पुन्हा उच्चारलेला नाही. झुलणं परत आलं आहे. गल्लीतल्या पोरी एकदोनदा फाटकाशी येऊन गेल्या, तिनं पाहिलं नाही, मग त्याही येईनाशा झाल्या. भंडाऱ्याला ताईंच्या जागी सध्या कोणी नाही. नागपूरला नेता येईल, नेऊही. पण नवा आवाज, नवी खोली, नव्यानं सगळं, आणि ते होईलच असं छातीठोक कोणी सांगत नाही. तयारी ठेव म्हणाल्या होत्या ताई. कशी ठेवायची ते सांगायचं राहूनच गेलं, माशांच्या चटणीसारखं.

डफ मात्र आमच्याकडे आहे. तेरवीला सानगडीला गेलो तेव्हा भावानं तो सान्वीजवळ ठेवला आणि आत निघून गेला. आता बुधवारी मी तो गॅसवर शेकते. वासानं सान्वी येते, कधी गरम चामड्याला गाल लावते, कधी नुसती जवळ बसते. माझा आवाज बेसूर, हात कच्चा. तरी म्हणते. तीन ठोके देते आणि हात वर धरते. काही होत नाही. ती उठून जाते, मी हात खाली घेते आणि स्वयंपाकाला लागते.

परवाच्या बुधवारी माझी नणंद माहेरी आली होती, समोरच खुर्चीवर बसलेली. मी तीन ठोके दिले, हात वर धरला. नणंदेला ते बघवेना. ती पुढे वाकली, लाडानं म्हणाली, "म्हन ना व बाई, म्हन, मी..."

"गप राह्य," भिंतीकडून आई म्हणाल्या. "तिची पारी आहे."

मी वळून पाहिलं. आई चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून, ओठ घट्ट मिटून. कधीच्या तशा बसल्या होत्या कोण जाणे, कोणी सांगितलेलं नव्हतं. सान्वी डफाकडे पाहत होती. माझा हात भरून आला होता, पण मी तो खाली घेतला नाही. डफ हळूहळू निवत होता आणि खोलीत कोणी बोलत नव्हतं.