नगरधनच्या दरवाज्यावरची मोहळं

"इझवा नं बाई! अगरबत्ती इझवा!" नगरधन किल्ल्याचा चौकीदार ओरडत धावला. आमच्या मावशीने आतल्या देवीसाठी आणलेला अख्खा पुडा दरवाज्यातच पेटवला होता आणि धूर थेट कमानीवरच्या आग्या मोहळांना लागला होता. मोहळं कसली, बैलगाडीची चाकं टांगलेली! एकेक माशी चिमणीएवढी. मावशी गाडीत शिरली. नागपूरपासून तलवारींच्या गप्पा मारत आलेला मी मात्र भिंतीला चिकटलो.

त्या वाळक्या चौकीदाराने खांद्यावरचं घोंगडं माझ्यावर टाकलं, मला खाली दाबलं आणि माझ्यावर ओणवा झाला. अंधारात नुसती घोंघों आणि त्याचा श्वास. एखादं राज्य येऊन बुडावं एवढा वेळ गेला. तो तसूभर हलला नाही. याच्याजवळ गोंड राजाच्या वेळचा मंत्र असणार, अशी माझी खात्रीच पटली. आवाज ओसरला तसं मी आतूनच विचारलं, "काका, तुम्हाले चावत नाही का ह्या?"

त्याने घोंगडं काढलं. त्याचा एक डोळा सुजून पार मिटला होता.

"चावते नं गा," तो म्हणाला. "काहून नाही चावणार?"