पाठीला लागलेला रंग

पनवेलच्या बाजारात एका दुकानांच्या बिल्डिंगीला पाठ टेकून मी भाजी विकते. नवरा वारल्यापासून तीच माजी जागा हाय.

एकदा बिल्डिंगीची भिंत बघायला दोरावरनं उतरलेला रंगारी माज्या पाठीकडं बघून हसला. "मावशी, हळद लागली काय?"

लुगडं मागनं पिवळं झालं होतं. मी म्हनलं, "या वयात मला कोन हळद लावतंय? भिंतीनंच लावली."

त्यानं भिंतीवरनं तळवा फिरवला आनि पिवळा झालेला मला दाखवला. "रंग असा हाताला यायला लागला का समजायचं, बिल्डिंग रंगवायला झाली. उद्या सुरू करतो."

रंग ओला म्हंजे मला उठायला लागनार, आनि इथं एक दिवस जागा सोडली तर दुसरी बाई पाटी मांडते. मी पाटी भिंतीला आनखी चिकटवली, ते त्यानं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी पाटी उचलली, तसा त्यानं पहिला माजाच कोपरा रंगवायला घेतला. "सकाळपर्यंत सुकंल, मावशी. बस खुशाल."

त्याचं नाव इचारायचं राहूनच गेलं. आता इतक्या वर्सांनी पाठ परत पिवळी व्हायला लागली हाय. लुगडं धुताना सून कुरकुरते. मी मातर रोज वर बघते, रंगाऱ्याचा दोर खाली सोडलाय काय.