फ्रिजमधला कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे त्याला गारठा म्हणतात. तीस वर्षं तो फ्रिज दुरुस्त करतोय, आणि जगातली कुठलीही वस्तू बिघडली की ती तापलीच असणार, अशी त्याची ठाम समजूत आहे. एकदा मी रागावले होते तर या शहाण्याने फ्रिजचा थर्मामीटर आणून माझ्या मनगटाला लावला. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. पुढच्या खोलीत शिवणकाम करते. मला राग लवकर येतो हे खरंय, पण असला माणूस चोवीस तास घरात असेल तर कोणाला येणार नाही?

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, कॉम्प्युटरवर हलती चित्रं काढते. एका स्टुडिओने तिला कळवलं होतं की तीन मिनिटांची स्वतःची फिल्म पाठव, आवडली तर कामावर घेऊ. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजून एक मिनिटाने आलेली फिल्म आम्ही उघडणारसुद्धा नाही, असं खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं. याआधी दोन ठिकाणांहून पोर रडत परत आली होती, त्यामुळे या खेपेला आठ महिने तिने मान वर केली नाही. जेवणाचं ताटसुद्धा मी नेऊन द्यायचे.

आता कॉम्प्युटर म्हणाल तर तोही घरीच बनवलेला. तयार आणू या असं ती म्हणत होती. पण गारठ्याने स्वतः उघडून बघितल्याशिवाय आजवर घरात मिक्सरसुद्धा येऊ दिलेला नाही. त्याने एकेक भाग आणला, पुस्तिका वाचल्या, जेवायच्या टेबलावर पंधरा दिवस पसारा मांडला आणि कॉम्प्युटर उभा केला. चालू झाला, हेही कबूल करते. त्या दिवशी तो गल्लीच्या टोकापर्यंत सांगून आला.

पण उन्हाळा लागला आणि तो डबा तापायला लागला. थोडं जड काम दिलं की पंखे घरघरायचे, आणि मग एकदम सगळं बंद. गारठ्याने पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावून घेतला, चांगला मोठ्या अक्षरांत. पोर काम करायची आणि हा तिच्या खांद्यावरून वाकून आकडा वाचायचा. "ऐंशी झाले. ब्याऐंशी. अगं जरा थांब, त्याला दम खाऊ दे." पंखा उघडला तर आत रंगीत सुताचा भुसा निघाला. झालं, सगळं खापर माझ्या शिवणयंत्रावर.

"ताई, तुझ्या कपड्यांनी याचा श्वास कोंडतोय," म्हणाला.

"माझ्या कपड्यांवर हे घर चाललंय अर्धं," मी म्हटलं. "तू तुझं यंत्र दुसरीकडे ने."

त्याने खरोखरच नेलं. शुक्रवारी दुपारी त्याने कामाच्या खोलीतून एक छोटा फ्रिज उचलून आणला, कंबरेएवढा, हॉटेलच्या खोल्यांत असतो तसा. फळ्या काढल्या, बाजूला भोक पाडलं, वायरी आत घेतल्या, आणि अख्खा कॉम्प्युटर त्या फ्रिजमध्ये बसवला. भोकाभोवती दाराचं रबर असं घट्ट चिकटवलं की मुंगी शिरायची नाही. आत ओल धरू नये म्हणून पाणी शोषणाऱ्या पुड्यासुद्धा टाकल्या. मी आणि भाची दारात उभ्या राहून बघत होतो. मी काही बोलायला तोंड उघडलं की हा हात वर करून म्हणायचा, "ताई, तीस वर्षं."

दार लावलं, कॉम्प्युटर चालू केला, तर आकडा चौदा. भाची दोन तास चित्रं दुरुस्त करत बसली, आकडा अठराच्या वर गेला नाही. रविवारी गारठ्याने चार शेजाऱ्यांना बोलावून तो आकडा दाखवला. एक जण म्हणाला, यात सरबतही ठेवता येईल. तेव्हाही हा हसला नाही, खरोखर विचारात पडला.

सोमवारी सकाळी आठ वाजता भाचीने शेवटचं काम लावलं. म्हणजे असं की आठ महिने काढलेलं सगळं घेऊन कॉम्प्युटर एकेक चित्र पक्कं करत जातो, अशी चार हजारांच्या वर चित्रं, आणि त्याला सलग सात तास लागतात. तेवढा वेळ त्याला क्षणाचीही उसंत नसते. तीनला संपेल, पाचपर्यंत दोन तास हाताशी राहतील, असा तिचा हिशेब होता. भावजय इस्पितळात परिचारिका आहे, ती सातलाच ड्यूटीवर गेली होती. घरात आम्ही तिघंच.

नऊ वाजता आकडा तीस. दहाला पंचावन्न. गारठा म्हणाला, "गारवा पकडेल आता." साडेअकराला नव्वद झाले आणि फ्रिजची मोटर एकदाही न थांबता कण्हत होती. मी मागे हात लावून बघितला तर चटका बसला. बारा वाजायला पाच मिनिटं कमी असताना पडदा काळा झाला.

भाचीने बोटांवर उरलेले तास मोजले. नंतर हळूच म्हणाली, "झालेली चित्रं आहेत तशी राहतात. तापला तसा हळू चालत होता, उरलेल्यांना अजून चार तास लागतील. पण असा सारखा बंद पडला तर नाही होणार, आत्या."

गारठा रबराची पट्टी घेऊन निघाला होता. म्हणे कुठूनतरी गारवा निसटतोय, अजून घट्ट करतो. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तू लोकांच्या घरी जाऊन बायकांना झापतोस ना," मी म्हटलं, "की गरम पातेलं फ्रिजमध्ये का ठेवलंत, मोटर जळेल म्हणून? मग इथे काय ठेवलंयस तू? सकाळपासून उकळतंय ते पातेलं, आणि तू दार लावून बसलायस. खाली गॅस पण चालूच आहे."

तो पट्टी हातात धरून उभा राहिला. फ्रिजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. इतका पडलेला चेहरा मी त्याचा शाळेच्या निकालानंतर बघितला नव्हता.

"हे तू मला शुक्रवारी का नाही सांगितलंस?" म्हणाला.

"बोलू दिलंस का मला शुक्रवारी?"

आता काय करायचं ते पोरीने सांगितलं. माझं कापायचं टेबल खिडकीशी आहे, लांबरुंद, लाकडी. मी त्यावरच्या नऊ विजारी उचलून पलंगावर फेकल्या आणि ओल्या फडक्याने एकेक धागा टिपून काढला. बापलेकीने सगळे भाग उघडेच त्यावर मांडले. कॉम्प्युटरच्या मेंदूवर उष्णता ओढून न्यायला जो मलम लावतात तो यानं फ्रिजला ग्रीस फासतात तसा बोटभर थापला होता. भाचीने तो पुसून वाटाण्याएवढा लावला. हा शेजारी उभा राहून पाने-पेचकस देत होता. पाऊण तास गेला. बारा चाळीसला काम पुन्हा सुरू झालं.

उघड्यावर मांडलं तरी बाहेरचा वारा हवाच. म्हणून टेबलफॅन आणला. त्याची मान गेल्या वर्षीच निकामी झाली होती, वर केली की खाली पडायची. गावभरची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या घरातला पंखा दुरुस्त करायला कोणाला वेळ असतो? गारठ्याने पंख्याची मान दोन्ही हातांनी वर धरली. आकडा उतरायला लागला. शहात्तरवर येऊन थांबला.

"धरून ठेवा, बाबा," भाची म्हणाली.

त्याने धरून ठेवली. मी मानेखाली डबा लावून बघितला, दोरीने बांधून बघितली, पण पंखा इतका थरथरायचा की दोन मिनिटांत नेम चुकायचा आणि आकडा चढायचा. त्यामुळे तोच उभा राहिला. मी पाणी पाजलं. एकदा मी म्हटलं, जा, जाऊन ये, मी धरते. तर म्हणाला, "तुझा हात हलतो." चार तास उभा होता, नजर त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर, ओठांनी नुसता आकडा म्हणत. शहात्तर. सत्त्याहत्तर. शहात्तर. मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

चार एकावन्नला शेवटचं चित्र झालं. भाचीने भराभर सगळं जोडलं, पाठवायचं बटण दाबलं, आणि आम्ही तिघं ती हिरवी पट्टी सरकताना बघत राहिलो. चार अठ्ठावन्नला पोहोचल्याचा निरोप आला. मी खुर्चीत बसले ती बसलेच. गारठ्याला म्हटलं, सोड आता तो पंखा, तर बोटं उघडेनात. एकेक बोट मी सोडवलं.

"आता बघा," भाची म्हणाली आणि फिल्म लावली.

तीन मिनिटं झाली. गारठा डोळे न मिटता बघत होता. संपल्यावर तिने विचारलं, "कशी वाटली, बाबा?"

"त्रेपन्न," तो म्हणाला. "त्याच्यावर गेलाच नाही. मस्त."

मी तोंडावर हात घेतला. भाची त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने उजवा तळहात पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवला, आकडा झाकला, आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.

एक माणूस पाठीवर फ्रिज बांधून जिना चढतोय. मजले संपत नाहीत. घामाचा एकेक थेंब पायरीवर पडतोय, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून कोणीतरी म्हणतं, आमचा नाही, वरचा. त्या माणसाचे खांदे, डाव्या पायावर जरा जास्त भार टाकायची ढब, मागच्या खिशातून लोंबणारं फडकं, सगळं आमच्या गारठ्याचं. शेवटी गच्चीवर पोहोचून तो फ्रिज उतरवतो, दार उघडतो, आणि आत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेली असते. तो दार उघडंच ठेवतो आणि तिला ऊन लागू नये म्हणून समोर उभा राहतो.

उन्हाळा लागल्यापासून हा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता, आणि त्याने फक्त आकडा बघितला होता.

फिल्म संपली.

"फ्रिज आडवा बांधलाय त्याने," गारठा म्हणाला. "आडवा नेत नसतात. मोटरमधलं तेल नळ्यांत चढतं." डोळे वाहत होते, ते पुसायला त्याचे हात काही केल्या वर होत नव्हते.

"पाठवून झाली, बाबा," भाची म्हणाली आणि ओढणीने त्याचे डोळे पुसले.

"मग असू दे," तो म्हणाला. "परत लाव."