पूल बोलेपर्यंत

लाँड्रीवाल्या वहिनींचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि त्यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जिचा दिवस दुसऱ्यांचे खिसे तपासण्यात जातो, त्या बाईने माणसांवर डोळे मिटून भरवसा ठेवावा ही अपेक्षाच चुकीची. खिसा न बघता कपडे मशीनमध्ये टाकले, तर एक विसरलेलं पेन चार घरच्या शर्टांची वाट लावतं. म्हणून वहिनी प्रत्येक खिसा उलटा करत. सिगारेट सोडल्याचं गल्लीभर सांगत फिरणाऱ्याच्या पॅन्टच्या खिशातून तंबाखूचा चुरा निघे. वहिनी चकार शब्द बोलत नसत. फक्त तो माणूस कपडे न्यायला आला की त्याच्याकडे अशा काही बघत, की बिचारा गठ्ठा उचलून काढता पाय घेई.

घरीही तोच खाक्या. दूध पातळ दिसलं की दुधावर संशय, नवरा लवकर घरी आला की नवऱ्यावर. नणंद पलीकडच्याच गल्लीत राहायची. ती म्हणे, "वहिनी, तुम्ही पोलिसात असतात ना, तर तुरुंग कमी पडले असते."

नवरा मात्र संशय घ्यावा असा नव्हता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. दोर तपासायचे, ब्रेक तपासायचा, मग स्वतः एकट्याने वर-खाली करून बघायचं आणि त्यानंतरच लोकांना आत सोडायचं. घरात स्टुलावर चढायचं असलं तरी आधी त्याचे चारी पाय हलवून बघणार. रस्ता पार मोकळा असला तरी कडेला थांबून राहणार आणि वर म्हणणार, "येईल एखादी." असा हा जीवाला जपणारा माणूस, पण वर्षातून एकदा मोटरसायकलींची शर्यत आली की त्याला घर दिसत नसे की दार.

ही शर्यत मैदानावरची नव्हती. एरवी ज्या रस्त्यावरून मुलं शाळेत जातात तोच रस्ता त्या दिवशी बंद करायचे, दिव्याच्या खांबांना पेंढ्याचे भारे बांधायचे, आणि मग त्या मोटरसायकली अशा सुटायच्या की घरांच्या खिडक्या थरथरायच्या. स्वाराचा खांदा आणि लोकांच्या कुंपणाची भिंत यांत जेमतेम हातभर अंतर. काही वर्षं सुखरूप जायची, मग कुणीतरी जायचाच. हळहळ व्हायची, फुलं वाहिली जायची, हे सगळं बंद करा म्हणून लोक तावातावाने बोलायचे, आणि पुढच्या वर्षी तेच लोक पहाटे उठून भिंतीशी जागा धरायचे. मिस्त्री आणि त्यांचा दोस्त चष्मेवाला यांची जागा ठरलेली: दगडी वळण. सगळ्यांत वाईट वळण ते. त्याच्या पुढे रस्ता झाडीत शिरतो तो दिसेनासाच होतो.

तीन वर्षांपूर्वी त्या झाडीत एक तरुण स्वार अपघातात गेला. घरी आल्यावर मिस्त्री जेवले नाहीत, तसेच झोपले. वहिनींना वाईट वाटलं. पण दोन-तीन दिवसांनी इस्त्रीचे कपडे बांधायला जुना पेपर ओढला आणि त्यांचा हात थांबला. पेपरात त्या अपघाताची बातमी होती आणि वर फोटो. भिंतीवरून वाकलेली माणसं, मधोमध मिस्त्री. तोंड उघडं, एक हात वर, डोळे असे लकाकताहेत की लग्नातसुद्धा वहिनींनी ते तसे पाहिले नव्हते.

"हे तुम्हीच ना?" त्यांनी पेपर नवऱ्यापुढे धरला.

मिस्त्रींनी एकदा बघितलं आणि मान वळवली. "मीच. पण ते तसं नाही गं."

"मग कसं?"

"सांगून नाही कळायचं. तिथे यावं लागतं."

आता संशयी बाईला असलं उत्तर द्यायचं म्हणजे आगीत तेल ओतायचं. उरलंसुरलं तेल नणंदेने ओतलं. "माझा भाऊ असला तरी खरं ते बोलते. सर्कशीत दोरीवरून चालणाऱ्याला बघायला लोक येतात ते काय त्याचं चालणं बघायला? पडतो का, ते बघायला!"

झालं. वहिनींच्या मनात तेच घर करून बसलं. सकाळी चहा देताना, जेवताना, दिवा मालवताना एकच विचार: हा माणूस मरण बघायला जातो. स्टुलाचे पाय हलवून बघणारा, माझ्या शेजारी झोपणारा हा माणूस, दुसऱ्याचं पोर मरताना बघून याचे डोळे लकाकतात. त्यांना त्याच्या हाताचा स्पर्श नकोसा झाला. तीन वर्षं त्यांनी हे सोसलं. मग एके दिवशी सांगून टाकलं.

"यंदा मी येणार. शर्यत बघायला नाही, तुमचं तोंड बघायला. आणि तो फोटोतला चेहरा मला तिथे दिसला ना, तर मी दुकानाच्या माळ्यावर राहायला जाईन. कायमची."

मिस्त्री म्हणाले, "ये. टोपी घे पण, ऊन लागतं."

हा माणूस भांडला कसा नाही, याचाही वहिनींना संशय आलाच.

शर्यतीच्या दिवशी दगडी वळणाच्या भिंतीमागे मिस्त्री, चष्मेवाला आणि मधे वहिनी, रस्त्याकडे पाठ करून, नवऱ्याकडे तोंड करून. चष्मेवाला उकडलेली अंडी सोलत होता. "वहिनी, शर्यत तिकडे आहे हो," तो म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आधी तळपायांना कळलं. जमीन बारीक थरथरली, मग लांबून एक आवाज आला, वाढत वाढत छातीत शिरला, आणि पाठीमागून काहीतरी असं फाडत गेलं की वहिनींची टोपी उडाली. दचकल्या तरी त्यांनी नजर हलवली नाही. आणि दिसलाच! तोंड उघडं, डोळे लकाकलेले, हात वर. हुबेहूब फोटोतला चेहरा.

"सापडलात!" वहिनी ओरडल्या.

"श्श!" मिस्त्रींनी वरचा हात हलवला. भिंतीशी सगळेच गप्प होते. चष्मेवाल्याच्या हातातलं अंडं तसंच होतं. मग झाडीपलीकडून, खूप लांबून, लोखंडी पत्र्यांचा घणघणाट आला.

"बोलला पूल," चष्मेवाला म्हणाला आणि अंडं तोंडात टाकलं. सगळी रांग एकदम सैल पडली, गप्पा सुरू झाल्या.

"झाडीत काही दिसत नाही ना," मिस्त्री वहिनींना सांगू लागले. "पलीकडे पूल आहे. तो वाजला की समजायचं, पोरगा सुखरूप गेला. तोवर ऐकायचं. तोंड उघडं ठेवलं की जास्त ऐकू येतं."

"आणि हात?"

"कुणी बोलू नये म्हणून." ते थांबले. "त्या दिवशी पूल बोललाच नाही. आम्ही कितीतरी वेळ तसेच उभे होतो. त्यात कुणीतरी फोटो काढला."

वहिनी खजील झाल्या. तीन वर्षं आपण या माणसाला काय काय समजलो! पण स्वभाव का एवढ्याने जातो? "मग येताच कशाला?" त्यांनी विचारलं. "घरी बसलात तर ऐकायचीही वेळ येणार नाही."

"वर्षभर मी काही घडू नये म्हणून काम करतो," मिस्त्री म्हणाले. "लिफ्ट नीट चालली की कुणाला पत्ताही नसतो. इथे पूल वाजला ना, की माणूस जिवंत आहे याचा केवढा आनंद होतो! मला दुसरीकडे कुठे होत नाही तसा. चूक असेल, पण होतो."

वहिनींना ते पटलं. त्या रस्त्याकडे तोंड करून वळल्या आणि शर्यत बघू लागल्या. एक गेला, पूल बोलला. दुसरा गेला, बोलला. चारपाच झाल्यावर तर "बोलला" असं वहिनीच आधी म्हणू लागल्या.

मग एक लाल मोटरसायकल आली, गुडघा रस्त्याला घासत वळली, झाडीत शिरली. आणि काही वाजेना.

रांग थिजली. कुणीतरी आपल्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला. वहिनींनी श्वास धरला. झाडीच्या तोंडाशी निशाणवाला धोक्याचं पिवळं निशाण हलवत आत धावला. काळीज इतकं धडधडत होतं, अंगाचा कण न् कण असा जागा झाला होता, की आपल्याला असं पूर्वी कधी झालं होतं ते वहिनींना आठवेना. त्या भिंतीवरून वाकल्या. आणखी वाकल्या. टाचा उचलल्या.

झाडीतून निशाणवाला परतला. त्याच्या मागून लाल स्वार चालत आला, मोटरसायकल ढकलत, धडधाकट. चेन तुटली होती, बस. भिंतीशी टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्याने शिट्टी मारली. वहिनींनीही टाळ्या वाजवल्या, त्यांचे डोळे पाण्याने भरले. आणि त्या आनंदाच्या आधी, अगदी निमिषभर, त्यांच्या मनात एक शब्द येऊन गेला होता.

एवढंच?

तो शब्द दुसऱ्या कुणाचा नव्हता. हिरमोड झाला होता, आणि तो त्यांचाच झाला होता. टाळ्या वाजवता वाजवता वहिनी थांबल्या.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मिस्त्रींनी स्वाराला येताना बघितलंच नव्हतं. ते भिंतीला पाठ टेकून खाली जमिनीवर बसले होते, गुडघ्यांत डोकं घालून. टाळ्या ऐकू आल्यावर त्यांनी डोकं वर केलं. चेहरा पांढराफटक होता.

"आला?" त्यांनी विचारलं.

"आला. काही झालं नाही त्याला."

मिस्त्रींनी तोंडावरून हात फिरवला, भिंतीला धरून उठले, थर्मासमधला चहा ओतून आधी बायकोला दिला. थोडा रंग आल्यावर ते हसले.

"मग? फिटला का एकदाचा संशय?"

वहिनींनी कप दोन्ही हातांनी धरला. "तुमच्यावरचा फिटला," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींना इतका आनंद झाला की पुढचं काही त्यांनी विचारलंच नाही.